मुखत्यार कालियोपी

कार्पाथोस, १४ जानेवारी २००९

ती. सेवास्तीताईस,
सा. न. वि. वि.

नाताळचं पार्सल पोचलं. आईला शाल फार आवडली, म्हणून तिने ती पेटीत ठेवून दिली आणि जुनीच पांघरून बसली आहे. गुडघा तसाच. उत्तरेचा वारा सुटल्यापासून बोटीचा भरवसा नाही. गावातले बटाटे संपले, त्यामुळे घरोघर मकारूनेसच्या शेवया आणि वर तळलेला कांदा एवढंच चालू आहे. आईची तक्रार नाही, तिला तेच आवडतं.

आता मुद्द्याचं. बायकांची सहकारी संस्था अखेर झाली. भट्टीतला कडक पाव आणि मागावरच्या पिशव्या एकत्र विकायच्या, अथेन्सच्या दुकानांना पाठवायच्या. हिशेब आणि ऑर्डरी सांभाळायला कुणीतरी हवं होतं, तर सभेत सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी रिगोपूला उभी आहे की काय. नव्हती.

संस्थेने हिशेबाच्या प्रोग्रामची एक सीडी दिली आहे. ती तुझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली की पडदा काळवंडतो आणि तुझं नाव येतं: सेवास्ती, ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड लिहा. मी पिगाडियाच्या मिनासला फोन केला, तोच तो फ्रीज आणि कॉम्प्युटर दोन्ही दुरुस्त करणारा. तो म्हणाला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घरातला मुखत्यार. काय आत यायचं, काय बाहेर जायचं, ते तो ठरवतो. माझं खातं मर्यादित. मर्यादित खातेदाराने बसावं, पाहावं, कशाला हात लावू नये. मी त्याला म्हटलं, असं खातं चालवायची मला जन्मापासून सवय आहे. शिवाय रात्री नऊ वाजले की मशीन मला बाहेर काढतं. ही मुदत तू तुझी लेक शाळेत असताना घातली होतीस. ती शिकायला यानिनाला गेली, मुदत माझ्या वाट्याला राहिली.

तर पासवर्ड कळव. ईस्टरच्या पावाच्या ऑर्डरी कार्निव्हलपासून येऊ लागतील. तोवर प्रोग्राम चालू झाला नाही तर काम मास्तरांच्या बायकोकडे जाईल, तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे. मला हे काम हवं आहे, ताई. माझ्या नावाने आलेलं हे पहिलंच काम.

कागदावर लिहिते आहे, कारण मुखत्याराला म्हणे सगळ्यांचे कप्पे उघडता येतात. लोभ आहेच, पासवर्डही असावा.

तुझी,
रिगोपूला


पिरेअस, २७ जानेवारी

चि. रिगोपूलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझा मेहुणा कोस्मास इतका हसला की त्याला ठसका लागला. मुखत्यार म्हणे. तू आणि मिनास दोघं मिळून एखादं नाटक लिहा.

तुझं कौतुक वाटलं, अगदी मनापासून. पण पासवर्ड ही पत्रात लिहायची गोष्ट नाही. आपला पोस्टमन पोस्टकार्डं वाचून मगच वाटतो, हे तुला मी सांगायला नको. दुसरं म्हणजे कुठलीशी सीडी, कुणी कुठे वापरलेली, ती मशीनमध्ये घालायची आणि काही बिघडलं तर निस्तरणार कोण? मागे अमेरिकेतल्या चुलतभावाने नाताळचं नाचणारं कार्ड पाठवलं होतं, तू ते उघडलंस आणि मशीन महिनाभर आजारी होतं. मी पंधरा ऑगस्टच्या, देवमातेच्या सणाला येतेच आहे. तेव्हा बसून सगळं नीट करून देईन. संस्थेला म्हणावं थोडं थांबा, पाव काही पळून जात नाही.

आणि खरं सांगू, मला दुसरीच काळजी आहे. तू संस्थेत गुंतलीस की आईकडे कोण बघणार? गावातल्या बायका चपला घालून माझ्या खोलीत येणार, मशीनभोवती घोळका करणार, भिंतीवरच्या ताटल्यांना धक्के लागणार. घर माझं आहे म्हणून बोलत नाही. मी थोरली, कानाकारा, म्हणून आईचं घर आणि शेत माझ्याकडे आलं. हे मी काही हट्टाने मागून घेतलेलं नाही. रीत आहे. जे आपल्याकडे आलं ते नीट राखणं एवढंच माझ्या हातात आहे.

रात्री नऊनंतर तुला मशीनवर काय काम असतं, तेही कळव. आईला गुडघ्याला लावायचं मलम वेगळं पाठवते. तुझ्यावरचा जीव कमी झाला असं मनात आणू नकोस.

तुझी ताई,
सेवास्ती


यानिना, ५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

तू एवढं लांबलचक पत्र लिहिलंस म्हणजे पाणी गळ्याशी आलं आहे हे मी ओळखलं. आईशी बोलले. ती म्हणते प्रश्न मशीनच्या सुरक्षिततेचा आहे. आई स्वतः तिच्या बँकेचं कार्ड आणि त्याचा आकडा एकाच पाकिटात ठेवते, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते.

आता ऐक. पासवर्ड चुकीचा घातलास की खाली एक इशारा उमटतो, विसरणाऱ्यांसाठी. आईने तिथे लिहून ठेवलं आहे: लग्नात मिळालेलं शेत. आता त्या शेताचं नाव गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे. तू ते टाइप कर, प्रोग्राम घाल, बाहेर ये. कुणाला पत्ता लागणार नाही.

आजी तिचं खातं वापरते का? मागच्या उन्हाळ्यात रविवारची प्रार्थना ऐकायला मी तिला ते काढून दिलं, कोंबडीचं चित्र लावून आणि कालियोपी असं मोठ्या अक्षरांत लिहून. माझ्या खात्यावर मी कालियोपीचं नुसतं पोपी लिहिलं आहे. इथे सगळे मला पोपीच म्हणतात. आई मात्र ते नाव कानावरच घेत नाही. आजीचं नाव मला दिलं ते मोडतोड करायला नाही, म्हणते. नाव घेतलं, आता पुढे घरही घ्यायचं. मला त्या घरात राहायचं नाही, मावशी, हे आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

शेताचं नाव टाक आणि मोकळी हो. माया आहेच, ती मागायची गरज नाही.

तुझी,
पोपी


कार्पाथोस, ११ फेब्रुवारी

चि. पोपीस,
अनेक आशीर्वाद.

पासवर्ड म्हणजे शेताचं नाव, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. त्या शेतातले जव मीच कापते.

पण मला तसं आत जायचं नाही. तुझ्या आईच्या खोलीची किल्लीही माझ्याकडेच असते, धूळ झाडायला आणि हे मशीन वापरायला. मी आणि आजी खालच्या लहान खोलीत राहतो. वरचा मोठा लाकडी पलंग वर्षातले अकरा महिने रिकामा असतो, आणि मी त्यावर एकदाही पाठ टेकलेली नाही. टेकता आली असती, बघायला कोण होतं? तुला हा वेडेपणा वाटेल. मला चोरून वापरलेलं नको आहे, दिलेलं हवं आहे. मला कुणी आपणहून काही दिलं असं फारसं आठवत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगितलं.

मास्तरांच्या बायकोने काल भट्टीवर सगळ्यांना लॅपटॉप दाखवला. छान आहे. चंदेरी रंगाचा.

आजी खातं वापरते. कोंबडीवर टिचकी मारते, प्रार्थना लागली की डोळे मिटते आणि अर्ध्यात झोपते. मग मी मशीन बंद करते. तुझं गुपित माझ्यापाशी नीट राहील. अभ्यास कर, जेवत जा, आणि मावशीला विसरू नकोस एवढंच मागणं.

तुझी,
रिगोपूला मावशी


पिरेअस, १७ फेब्रुवारी

चि. रिगोपूलास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरीने फोन करकरून माझे कान किटवले. तिच्या बापालाही फितवलं आहे. दोघांपुढे मी हात टेकले, पण पूर्ण नाही.

मी असं ठरवलं आहे. मुखत्यारी घराण्यातच राहिली पाहिजे. तेव्हा कालियोपीलाही ॲडमिनिस्ट्रेटर करायचं. पुढेमागे सगळं तिलाच पाहायचं आहे, तर आतापासून सवय होईल. तुला काही घालायचं असेल तर तू तिला यानिनाला फोन करायचास, ती विचार करून पासवर्ड सांगेल, काम झालं की ती तो बदलेल. मी मिनासला माझा पासवर्ड फोनवर दिला आहे आणि चिठ्ठीत स्पष्ट लिहून कळवलं आहे की माझ्या खात्याला हात लावू नये, कालियोपीला मुखत्यार करावं. तो शनिवारी वर गावात येईल. त्याला जेवायला घाल, आणि काम होईपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेव.

आता तरी हसशील ना? रुसून बसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, लहानपणापासून बघते आहे. तुझी आठवण रोज असते, तशी तुलाही असू दे.

सेवास्ती


कार्पाथोस, २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिनास आला, जेवला, आणि तुझ्या सांगण्याबरहुकूम काम करून गेला. कालियोपी आता ॲडमिनिस्ट्रेटर आहे. फक्त ती आई आहे.

रागावण्याआधी पुढचं वाच. मिनासने मशीन उघडलं, तुझी चिठ्ठी समोर ठेवली. पडद्यावर कालियोपी नावाचं एकच खातं होतं, कोंबडीचं. तुझ्या मुलीच्या खात्यावर पोपी लिहिलेलं आहे, आणि पोपी कोण हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. तू गावात कधी ते नाव उच्चारू दिलं नाहीस. मी तेव्हा खाली चुलीपाशी होते. वर आले तर आई खुर्चीत बसली होती आणि मिनास तिला समजावत होता की मुखत्याराला पासवर्ड लागतो. मी त्याला म्हटलं की चूक झाली, ताईला नात म्हणायचं आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चुकले. तो म्हणाला, म्हातारी हयात असताना घरात कालियोपी म्हटलं की म्हातारीच. नातीने नाव नुसतं अंगावर घातलेलं असतं, मोठं होईपर्यंत. या बेटावर कुणालाही विचार, तो हेच सांगेल.

मी तरीही म्हटलं, बदला. तेव्हा आई बोलली. तिने विचारलं, मुखत्यार म्हणजे काय. मिनासने तिला सगळं सांगितलं, अगदी तुझ्यामाझ्या भांडणासकट. आईने आम्हा दोघांना दाराबाहेर उभं केलं आणि एका बोटाने पासवर्ड घातला. काय घातला ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही. मग मला म्हणाली, आण ती तुझी चकती. प्रोग्राम आत गेला. मी पुढे काही मागितलं नाही, ताई, हे तू मान किंवा मानू नकोस. आईनेच मिनासला विचारलं की मुखत्याराला आणखी काय काय करता येतं. तो सांगत गेला, ती ऐकत गेली. तिने आधी माझी नऊची मुदत काढायला लावली. मग माझं खातं मुखत्यारीचं करायला लावलं. आणि मग तुझं मर्यादित.

तुझ्या खात्याच्या वेळी पडदा पुन्हा काळवंडला आणि एक चौकट आली. आईने तिथे काय लिहिलं आहे ते विचारलं. मिनासने वाचून दाखवलं की पुढे जायला तुमची परवानगी हवी आहे. आईने त्याला ते परत वाचायला सांगितलं. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग म्हणाली की घर दिलं, शेत दिलं, ऑलिव्हची झाडं दिली, तेव्हा नोटरीने तुमच्या बापाला विचारलं, पाद्रीबाबांनी व्याह्यांना विचारलं. सगळं माझ्या आईकडून मला आलेलं, पण माझी परवानगी आजपर्यंत कुणी मागितली नव्हती. हे मशीन पहिलंच. आणि मिनासला म्हणाली, हो म्हण त्याला.

मी रडले. तुझ्यापासून लपवत नाही. तुझ्यावरचा विजय म्हणून नाही रडले.

संस्थेच्या ऑर्डरी आजपासून लिहिते आहे. तुझं माझं आहे ते आहेच, एवढं कळावं.

रिगोपूला


पिरेअस, १० मार्च

रिगोपूला,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात. मी मिनासला तीनदा फोन केला. तो म्हणतो मुखत्याराच्या हुकमाशिवाय त्याला काही करता येत नाही, आणि आई-मुलीच्या मध्ये पडायचे तो पैसे घेत नाही. माझ्याच मशीनवर माझ्यापेक्षा कोंबडीचा अधिकार जास्त, हे मी या वयात ऐकून घ्यायचं. कोस्मास आता हसतही नाही, खोलीतून उठून जातो.

आईला काय कळतं त्यातलं? तिला खेळ वाटला आणि तुम्ही दोघांनी खेळू दिलं. तू तिथे उभी होतीस. नको म्हणता आलं असतं. माझं खातं पूर्वीसारखं करून घे आणि मला फोन कर. माझ्या कप्प्यात तुम्ही काय काय उघडून पाहिलं असेल या विचाराने मला झोप नाही.

सेवास्ती


कार्पाथोस, २२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कप्पा कुणी उघडलेला नाही. मला आता उघडता येतो, म्हणून मुद्दाम सांगते.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, कोंबडीसकट. तिला राग आला नाही. म्हणाली, सेवास्तीला काही हवं असेल तर तिने माझ्याकडे मागावं, मी देणार नाही असं कुठे म्हटलं आहे. फोनवर तिला ऐकू येत नाही, तेव्हा लिहून पाठव, मी जसंच्या तसं वाचेन. तुझ्या वतीने मात्र मी रदबदली करणार नाही. नको म्हणता आलं असतं, हे तुझं खरं आहे. मी म्हटलं नाही.

संस्थेचं बरं चाललं आहे. अथेन्सच्या दोन दुकानांनी ईस्टरचा पाव मागवला. बायका मशीनपाशी येतात, चपला दाराशी काढतात. मास्तरांची बायको पिशव्यांचे फोटो काढून देते, चांगले काढते. आईचं सगळं वेळेवर होतं, उलट दिवसभर घरात वर्दळ असल्याने तिचा गुडघा कमी दुखतो. ताटल्या भिंतीवर जागच्या जागी आहेत. तू अबोला धरलास तरी मी लिहीत राहीन.

रिगोपूला


पिरेअस, ३ मे

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रिगोपूला हे वाचून दाखवेल. तिने मधलं काही गाळू नये.

ईस्टरला मी आले नाही. बोट चुकली म्हणून कळवलं होतं, ते खोटं. मला यायचं नव्हतं. तू त्या चौकटीला हो म्हणालीस हे मी रिगोपूलाच्या पत्रात वाचलं आणि संतापले. वाटलं, आईने मला घराबाहेर काढलं. मग सुट्टीत माझी कालियोपी आली. तिने सांगितलं की तिला ते घर नको आहे. मी तिला विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस. तर म्हणाली, तू विचारलंस कधी?

त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या गळ्यात सोन्याच्या नाण्यांची ती माळ घातली. ती इतकी जड होती की मान वळवता येत नव्हती. बाबांनी घराची किल्ली हातात दिली. सगळे टाळ्या वाजवत होते. रिगोपूला मिठाईचं तबक धरून भिंतीशी उभी होती, आणि तू आपली भांडी उचलून खालच्या खोलीत नेत होतीस. मला ते दिसत होतं. मला घर नको होतं, आई. मला शिवणाच्या शाळेत ऱ्होड्सला जायचं होतं. पण घर घेतेस का म्हणून मलाही कुणी विचारलं नाही. वर्ष व्हायच्या आत कोस्मासच्या नोकरीमागे मी इथे आले, आणि मग ती किल्ली एवढी घट्ट धरून बसले की ती कशासाठी धरली आहे तेच विसरले. पलीकडे तुम्ही दोघी होतात, आणि मला फक्त घर दिसत होतं. त्याचं मला फार दुःख आहे.

माझं खातं पूर्वीसारखं करू नकोस. रिगोपूला मशीन चांगलं चालवते असं पोपीकडून कळतं. हो, पोपी. मीही म्हणायला शिकते आहे.

पंधरा ऑगस्टच्या सणाला मी येईन. वरच्या पलंगावर आता रिगोपूलाने झोपायला सुरुवात करावी. नुसतं धूळ झाडणं पुरे झालं. मी आल्यावर कुठे झोपायचं ते तिनेच ठरवावं, आणि मला कळवावं.

तुम्हा दोघींचा लोभ मी आजवर गृहीत धरला. या वेळी तो मागते आहे.

तुझी,
सेवास्ती